डाळ न शिजणारं पाणी आणि कुंडीतली बर्किन

झाड : फिलोडेंड्रॉन बर्किन. ठिकाण : लातूर, औसा रोडच्या बाजूचं स्वतंत्र घर, खाली बैठक आणि वर गच्ची. झाड सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत. मी त्यांना काकू म्हणतो, इथंही तेच म्हणेन. तक्रार अशी, की पानांच्या कडा करपतात, खालची पानं पिवळी होऊन गळतात आणि नवीन पान सरळ उलगडत नाही. पाणी कमी करून पाहिलं, तर झाड आणखी बिघडलं.

यातलं शेवटचं वाक्य ऐकून मी गेलो. पान पिवळं पडलं की घरातल्या झाडाला सगळीकडून एकच सल्ला मिळतो : पाणी जास्त होतंय, कमी करा. दहातल्या सात वेळा तो बरोबरही निघतो. पण पाणी कमी केल्यावर झाड सुधारायचं सोडून खाली जात असेल, तर पाणी किती हा प्रश्न बाजूला ठेवून पाणी कुठलं हे विचारावं लागतं. मराठवाड्यात तर ते आधीच विचारावं, असं माझं मत आहे.

झाडाबद्दल थोडक्यात

फिलोडेंड्रॉन हे मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतलं. कूळ आपल्या अळवाचं आणि सुरणाचं. बर्किन हा त्यातला बुटका वाण. हा वेलीसारखा पसरत नाही. मधल्या जाड बुंध्याभोवती एकेक पान गोल फिरत येतं आणि कुंडीत झाड फूट-दीड फुटात मावतं. मॉस स्टिक, काठी, दोरा असलं काही लागत नाही. रोजो काँगो नावाच्या लालसर पानांच्या वाणात आपोआप झालेल्या बदलातून बर्किन आली. हिरव्या पानावर मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा, हेच तिचं सगळं कौतुक. त्या रेघांमध्ये हरितद्रव्य नसतं. दिसायला छान, पण पानाचा तेवढा भाग कमजोर. झाडाला कसलाही ताण आला की करपायला सुरुवात तिथूनच होते.

दुपारचं थेट, कडक ऊन तिला सोसत नाही, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली तर रेघा पुसट होत पान हिरवंगार होतं. तिला वीस ते तीस अंश तापमान मानवतं. लातूरचा एप्रिल-मे तिच्यासाठी बनलेला नाही, हे आधीच मान्य करायचं आणि मग पुढचं बोलायचं.

मी जाण्याआधी काय काय झालं होतं

दिवाळीला काकूंच्या लेकीनं पुण्याहून हे झाड आणलं. सहा इंची प्लॅस्टिकची कुंडी, त्यात हलकं कोकोपीट. काकूंना ते कोकोपीट पटलं नाही. "भुश्यात झाड कसं जगंल?" म्हणून त्यांनी दिरांना सांगून शेतातली काळी माती आणि शेणखत मागवलं आणि आठ इंची मातीच्या कुंडीत झाड हलवलं. मुळांच्या जुन्या गोळ्याला धक्का नको म्हणून तो तसाच मधोमध ठेवून चारी बाजूंनी माती भरली. खाली ताटली ठेवली, कारण फरशी खराब होते.

पुढं जानेवारीत दिरांनी चमचाभर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) टाकलं. शेतकऱ्याच्या घरात ठिबकमधून सोडायचं ते खत पोत्यानं पडलेलं असतं, आणि कुंडीला चिमूट म्हणजे किती हे कुणी मोजत नाही. फेब्रुवारीत खालची दोन पानं पिवळी पडली. लेकीनं फोनवर सांगितलं, पाणी कमी कर. आठवड्यातून दोनदाचं पाणी एकदावर आलं. मार्चमध्ये कडा करपू लागल्या, तेव्हा कुठल्याशा व्हिडिओत पाहून रोज सकाळी पानांवर पाण्याचा फवारा सुरू झाला. मग पानांवर पांढरे ठिपके दिसायला लागले. दीर म्हणाले, ही भुरी आहे (पानावर पांढरी पावडर धरणारी बुरशी), गंधक मारू.

ते गंधक मारायचं राहिलं हे बरं झालं. पारा बत्तीस-पस्तीसच्या वर असताना गंधक फवारलं तर पान भाजतं, आणि लातुरात एप्रिलमध्ये दिवसा तेवढा पारा असतोच. द्राक्षाच्या बागेत जे औषध ते बैठकीतल्या कुंडीतही औषधच असेल, असं धरता येत नाही.

तपासणी

झाड टीव्हीच्या शेजारी होतं, पूर्वेच्या खिडकीपासून आठ-नऊ फुटांवर. समोरच्या भिंतीला कूलर. दुपारी कूलर सुरू झाला की त्याचा झोत थेट झाडावर. कूलरमुळं खोलीत दमटपणा येतो हे खरं, पण सरळ झोतातलं पान सुकतंच. जागा चुकीची होती. पण एवढी पानं करपायला जागा हे पुरेसं कारण वाटलं नाही.

पानं जवळून पाहिली. करपण टोकापासून सुरू होऊन कडेकडेनं सरकलेलं. तपकिरी पट्टी आणि हिरव्या भागामध्ये पिवळी, नखाच्या जाडीएवढी बारीक किनार. उन्हानं भाजलेलं असतं तर डाग पानाच्या मध्यावर, उजेडाकडच्या बाजूला आणि वेडेवाकडे पडले असते. पानाच्या मागून हात फिरवला, पांढरा कागद खाली धरून पान झटकलं. कागदावर काही सरकलं नाही, म्हणजे कोळी (पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) नव्हती. कोरड्या हवेत लाल कोळी लवकर येते म्हणून हे पाहणं जरूर होतं.

आता ते पांढरे ठिपके. ओल्या बोटानं पुसून पाहिलं, गेले नाहीत. भुरी असती तर बोटाला पावडर लागली असती. स्वयंपाकघरातून लिंबाची फोड मागवली आणि एका ठिपक्यावर तिचा एक थेंब सोडला. ठिपका विरघळला. चुना! रोजच्या फवाऱ्यातलं पाणी उडून जायचं आणि त्यातला चुना पानावर बसायचा. (लिंबू लावलेली जागा नंतर चांगल्या पाण्यानं पुसून घ्यावी, आम्ल पानावर ठेवू नये.)

बुंधा दाबून पाहिला, टणक होता. कुजकट वास नाही. जास्त पाण्यानं मुळं सडलेल्या झाडाचा बुंधा मातीलगत मऊ पडतो आणि कुंडीला नाक लावलं की कळतं. इथं तसं काही नव्हतं. मातीचा वरचा थर मात्र भेगाळलेला होता आणि कुंडीच्या काठापासून माती बोटभर सुटली होती. मातीच्या कुंडीवर बाहेरून, काठाखाली, पांढरा खरबरीत पट्टा आला होता. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला.

मी विचारलं, "काकू, झाडाला पाणी कुठलं घालता?"

"फिल्टरचं वेस्ट. बादलीत धरते. सगळ्या कुंड्यांना तेच."

"आणि फवाऱ्याला?"

"बोअरचं."

"डाळ कशात शिजवता?"

"फिल्टरच्या. बोअरच्या पाण्यात तुरीचा दाणा तसाच राहतो की."

तूरडाळीच्या गिरण्यांच्या गावात हे कुणाला शिकवायला नको. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून दाणा मऊ होत नाही. काकूंनी डाळीसाठी नाकारलेलं पाणी, आणि तेही त्याहून घट्ट करून, बर्किनला रोजचं म्हणून मिळत होतं.

पाण्याचा हिशेब

फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसला खिशातला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, माझ्याकडे असतो. घरातलं पाणी मोजलं. बोअरचं दर लिटरला साडेअकराशे मिलिग्रॅमच्या आसपास. आरओमधून पिण्यासाठी निघणारं सत्तर. वेस्टचं पंधराशेच्या वर. यात गूढ काही नाही. आरओची पातळ पापुद्र्यासारखी जाळी क्षार अडवते, नष्ट करत नाही. एका लिटर चांगल्या पाण्यामागं तीनेक लिटर बाहेर पडतं आणि चारही लिटरचे क्षार त्या तीन लिटरमध्ये जमा होतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस पाचशेपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे काकूंचं बोअर माणसाला नाइलाजानं चाललं असतं. पण माणसाला लघवीवाटे क्षार बाहेर टाकता येतात. ताटलीत बसलेल्या कुंडीला ती सोय नाही.

मग काकूंसमोरच कागदावर गणित मांडलं. एका वेळी साधारण अर्धा लिटर पाणी, आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याला एक लिटर आणि दीड ग्रॅम क्षार. दिवाळीपासून फेब्रुवारीअखेर सोळा आठवडे धरले तर चोवीस ग्रॅम. पुढं पाणी निम्मं केल्यावरही एप्रिलअखेरपर्यंत सहा-सात ग्रॅम. एकूण तीस ग्रॅम, चहाच्या चमच्यानं मोजलं तर पाच चमचे. सगळं काही खाण्याचं मीठ नव्हे, बराचसा भाग चुना आणि मॅग्नेशियमचा. शिवाय खताचा चमचा वेगळा. काकू गणिताच्या शिक्षिका. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, एकदा तपासला आणि म्हणाल्या, "ताटलीत उतरलेलं धरलं नाही तुम्ही." बरोबर होतं. पण ताटलीतलं पाणी काढून टाकलं जात नव्हतं, कुंडी ते परत ओढून घेत होती. त्यामुळं तिथून वजाबाकी फारशी होत नव्हती.

पाणी कमी केल्यावर झाड जास्त का बिघडलं, हेही इथंच उलगडतं. झाड पाणी घेतं, क्षार बहुतेक मागं ठेवतं. वरून पाणी उडतं, तेही क्षार सोडूनच उडतं. पाणी कमी घातलं की मातीत उरलेल्या ओलाव्यात क्षार आणखी दाट होतात. पाणी नेहमी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडं जातं. मुळाबाहेरचं द्रावण दाट झालं की माती ओली असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. जे क्षार आत शिरतात ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानाच्या टोकापर्यंत आणि कडेपर्यंत जातात. तिथं पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार साचतात. म्हणून करपण कडेनं. बर्किनच्या पांढऱ्या रेघा नेमक्या त्या कडेला जाऊन टेकतात, त्यामुळं तिचं आधी दिसतं.

खात्री करायला कुंडीवर हळूहळू पिण्याचं सत्तरवालं पाणी सोडलं आणि खालून पडलेलं वाटीत धरून मोजलं. चार हजारांच्या पुढं. सत्तर घालून चार हजार निघाल्यावर दुसरा पुरावा शोधत बसायची गरज उरली नाही.

एक बारकं निरीक्षण राहिलं. सर्वांत नवीन दोन पानं फिकट, जवळजवळ पिवळसर पांढरी होती, आणि काकूंना त्याचा आनंद होता की रेघा वाढल्या. बर्किनचं कोवळं पान आधी पांढुरकं येतं आणि नंतर हिरवं भरतं, त्यामुळं फसायला होतं. पण रेघ आणि फिकेपणा यांत फरक आहे. रेघ बारीक, काठ ठळक, शिरेच्या दिशेनं जाणारी. इथं शिरा हिरव्या आणि त्यांच्यामधला भाग धूसर होता. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटनं मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात सोयाबीन कोवळेपणी पिवळं पडतं, त्याचं कारणही हेच.

कुंडी रिकामी केली

इथं दोन मार्ग होते. एक, कुंडीतून भरपूर चांगलं पाणी सोडून क्षार धुऊन काढायचे. दुसरा, माती बदलायची. भर उन्हाळ्यात कुंडी बदलू नये असा नियम सांगितला जातो आणि एरवी मी तो पाळतो. पण काळ्या मातीत धुण्याचा मार्ग चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते, बारीक छिद्रं मिटतात आणि पाणी खाली उतरायला दिवस लागतो. क्षार धुता धुता मुळं सडवायची, असा तो व्यवहार झाला असता. म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर, घरातच, कुंडी बदलायचं ठरवलं.

झाड बाहेर काढलं आणि खरी गंमत तिथं दिसली. बाहेरची काळी माती ओलसर, चिकट. आतला पुण्याचा कोकोपीटचा गोळा मात्र हातात घेतल्यावर कोरडा ठणठणीत, बोटानं चुरडला तर भुगा झाला. काळी माती पाणी इतकी घट्ट धरते की शेजारच्या सैल कोकोपीटला ते सोडत नाही. वरून घातलेलं पाणीही काठाच्या भेगेतून सरळ ताटलीत जायचं. झाडाची बहुतेक मुळं आतल्या गोळ्यातच होती. म्हणजे बाहेरची माती बोट लावल्यावर ओली लागायची आणि झाड आत तहानलेलं असायचं. बाहेर गेलेल्या थोड्या मुळांची टोकं तपकिरी, मेलेली होती. मागचा भाग टणक आणि फिकट रंगाचा होता, वास नव्हता. झाड वाचणार हे तिथं कळलं.

बाहेरची माती बादलीतल्या कोमट पाण्यात हलकेच सोडवली. गोळा त्याच पाण्यात पूर्ण भिजेपर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवला. पाणी अर्थात पिण्याचं. मेलेली टोकं कात्रीनं कापली. चीक हाताला लागू दिला नाही. अळू चिरताना जी खाज सुटते तिचं कारण कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांत आहे, आणि ते या कुळात सगळीकडे असतात. मे महिन्यात नातू येणार होता आणि तो दीड वर्षाचा. त्यानं पान चावलं तर तोंड, जीभ सुजते. म्हणून झाडाची नवी जागा त्याच्या हाताच्या वर हवी, हे तेव्हाच ठरलं. घरात मांजर-कुत्रं असलं तरी हाच नियम.

नवं मिश्रण हलकं केलं. दोन भाग कोकोपीट, एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग परलाइट (मिश्रण सैल ठेवणारे हलके पांढरे खडे), अर्धा भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची वीट फुगवल्यावर दोनदा चांगल्या पाण्यात पिळून घेतली, कारण कोकोपीटमध्येही मुळात क्षार असतात आणि स्वस्त विटेत ते भरपूर असू शकतात. परलाइट लातुरात हाताशी मिळालं नाही तर भाजलेल्या विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे, भुगा चाळून काढून, चालतात. कुंडी पुन्हा सहा इंची, प्लॅस्टिकची. याबद्दल काकूंशी बराच वाद झाला. मातीची कुंडी "श्वास घेते" हे खरंच आहे, कोकणात मी तीच सुचवेन. पण आपल्या उन्हाळ्यात दुपारच्या हवेत ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास उरतो. तेव्हा मातीच्या भिंतीतून चारी बाजूंनी पाणी उडतं, झाडाला कमी मिळतं आणि क्षार कुंडीच्या अंगात राहतात. शेवटी तडजोड अशी झाली की प्लॅस्टिकची कुंडी मातीच्या रिकाम्या कुंडीत बसवायची आणि तळाला विटेचा तुकडा ठेवायचा. ताटलीतलं पाणी वर चढायला नको.

झाड टीव्हीपासून काढून पूर्वेच्या खिडकीच्या आत तीनेक फुटांवर, उंच स्टुलावर ठेवलं. सकाळचं ऊन पातळ पडद्यातून गाळून येतं. कूलरच्या झोतातून पूर्ण बाहेर. फवारा बंद. वीस टक्के दमटपणात फवाऱ्याचं पाणी दहा मिनिटं टिकत नाही. त्यानं झाडाला काय मिळतं हे मला आजवर दिसलेलं नाही, चुना मात्र दिसला. खत पावसाळ्यापर्यंत बंद.

"पाणी फेकून कसं देऊ?"

प्रकरणातला अवघड भाग हा होता, आणि तो वनस्पतिशास्त्राचा नव्हता. मी म्हणालो, यापुढं बर्किनला वेस्टचं पाणी घालू नका. काकूंचा चेहरा बदलला. "सोळा साल विसरलात का? मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. भांडी घासलेलं पाणी संडासात वापरलंय आम्ही. आता एवढं बादलीभर फेकून कसं देऊ?"

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला पहिली पाणीगाडी आली ती दहा वाघिणींतून पाच लाख लिटर घेऊन. हे ज्यानं पाहिलंय त्याला पाणी वाया घालवायला सांगणं हा सल्ला होऊ शकत नाही. झाडांविषयी लिहिणारे बहुतेक लोक जिथं राहतात तिथं नळ सोडला की पाणी येतं. "आरओचं पाणी वापरा" हे वाक्य त्यांना सहज लिहिता येतं.

म्हणून फेकायचं काहीच नाही, फक्त पाण्याच्या वाटा बदलायच्या, असा विचार केला. सहा इंची कुंडीतल्या बर्किनला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण लिटरभर पाणी लागतं. महिन्यातून एकदा क्षार धुवायला कुंडीच्या दुप्पट, म्हणजे चार लिटर. महिन्याला सगळं मिळून आठ-नऊ लिटर. पाहुण्याच्या हातातल्या अर्धवट राहिलेल्या पेल्यांतलं पाणी एका तांब्यात ओतत गेलं तरी यातलं बरंच भागतं, आणि काकूंनी तेच सुरू केलं. नळाला पाणी येईल त्या दिवशी एक कळशी झाडांसाठी बाजूला. मांजऱ्याचं पाणी बोअरपेक्षा हलकं आहे, हे मीटरनं दाखवल्यावर त्यांना पटलं.

वेस्टचं पाणी फरशी पुसायला, संडासात, आणि उरलेलं परसातल्या नारळाच्या आळ्यात. नारळ क्षार चांगले सोसतो. तो जमिनीत आहे आणि पावसाळ्यात त्याच्या मुळाशी साचलेलं खाली धुऊन जातं. कुंडीत लावलेल्या मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला मात्र वेस्ट आणि नळाचं आलटून पालटून द्यायला सांगितलं, कारण त्यांचीही कड करपायला लागली होती, फक्त त्यांच्याकडं कुणी इतकं बारकाईनं पाहत नव्हतं.

एसीचं पाणी वापरू का, असा लेकीचा फोनवर प्रश्न होता. कल्पना चांगली आहे, ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण लातूरच्या कोरड्या मे महिन्यात एसीच्या नळीतून थेंब-थेंबच पडतं, बादली भरत नाही. जुलैत भरते, तेव्हा गच्चीवरून पावसाचंच पाणी मिळतं. पावसाचं पाणी धरायचं तर पहिल्या एक-दोन सरी धूळ धुऊन जाऊ द्यायच्या, मग स्वच्छ टिपाड लावायचं.

पाणी कधी घालायचं, यासाठी वार ठरवून दिला नाही. कुंडी उचलून पाहायची. कोकोपीटचं मिश्रण भिजलेलं जड असतं आणि सुकलं की एकदम हलकं लागतं, दोन-तीनदा उचलली की हाताला कळतं. वरचं बोटाचं पहिलं पेर कोरडं लागलं की घालायचं, आणि घालायचं तेव्हा खालून निघेपर्यंत. अधूनमधून पेलाभर घालत राहणं हे क्षार साठवण्याचंच काम आहे.

पुढं

मे महिन्यात झाड दिसायला आणखी वाईट झालं. आणखी एक जुनं पान गेलं आणि जे नवीन पान आधीच गुंडाळलेलं होतं ते वाकडं, टोकाला चिकटलेलं निघालं. याची कल्पना आधी देऊन ठेवली होती. गुंडाळीतलं पान त्याआधीच्या आठवड्यांत घडलेलं असतं, उपायाचा परिणाम त्याच्यावर दिसत नाही. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. काकूंनी ती कात्रीनं पानाच्या आकारात कापून घेतली, हिरव्यात न जाता तपकिरीची केसाएवढी रेघ ठेवून. हिरव्यात कापलं की तिथून पुन्हा सुकतं.

मृगाच्या सरी झाल्यावर आलेलं पान अखंड होतं. जुलैच्या सुरुवातीला कुंडी पावसाच्या पाण्यानं धुतली तेव्हा खालून आलेलं पाणी चारशेच्या आत होतं. त्यानंतर १९:१९:१९ पुन्हा सुरू केलं, लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीवर. दिरांनी विचारलं, "एवढ्यानं काय होणार?" काकूंनी त्यांना सहा इंची कुंडीचं क्षेत्रफळ काढून एकराच्या हिशेबात बसवून दाखवलं.

श्रावणात एक पान रेघांशिवाय, पूर्ण हिरवं आलं. हा क्षारांचा प्रश्न नाही. आपोआप झालेल्या बदलातून आलेले वाण असे कधीकधी मूळ रूपाकडं वळतात आणि ढगाळ दिवसांत उजेड कमी पडला की ते जास्त जाणवतं. स्टूल खिडकीकडं फूटभर सरकवलं. त्यानंतरच्या पानावर अर्ध्या भागात रेघा आहेत, अर्ध्यात नाहीत. अशी हिरवी पानं ओळीनं येत राहिली तर बुंधा शेवटच्या रेघांच्या पानावर छाटून पाहायचा आहे, पण ती छाटणी आता नको, फेब्रुवारी संपल्यावर.

तोवर थंडी काढायची आहे. लातुरात पारा दहाच्या खाली जातो, परभणीकडं त्याहूनही बराच खाली. बारा-तेरा अंशांच्या खाली फिलोडेंड्रॉनची पानं काळपट पडतात, म्हणून नोव्हेंबरअखेर झाड रात्री खिडकीपासून आत घ्यायचं आणि पाणी दहा-बारा दिवसांवर न्यायचं. टीडीएस मीटर काकूंनी आता स्वतःचा घेतलाय. शेजारच्या दोन घरांचं बोअर त्यांनी मोजून झालंय. एकाचं अठराशे निघालं, आणि त्या घरात बैठकीत मोठं पीस लिली आहे.